घटनास्थळ बोलतं : पंचनाम्यापासून आभासी चष्म्यापर्यंत

 

आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहीजणी म्हणतील, याचं आपल्याला काय? विषय आहे पोलीस तपासाचा. एखादा गुन्हा घडतो, जागा धुतली जाते, घर विकलं जातं, झाडं तोडली जातात. पण वर्षांनंतर तपास करणारा अधिकारी डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवतो आणि त्याच जागेत उभा राहतो. मान वळवली की भिंत दिसते, खाली पाहिलं की जमीन दिसते, दोन पावलं पुढे गेलं की दार जवळ येतं. याला व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात, मराठीत आभासी वास्तव. आपल्या मुलांनी जत्रेत किंवा मॉलमध्ये असा चष्मा लावून खेळ पाहिला असेल. तेच तंत्र आता गुन्ह्याची जागा पुन्हा उभी करायला वापरलं जातं.

ही गोष्ट परदेशातली वाटते खरी. पण तिची एक मुळी आपल्या गावच्या पंचांपर्यंत पोचते, आणि तिचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच पेण तालुक्यातल्या एका जंगलात मिळालेला आहे. म्हणून हा इतिहास आपण सुरुवातीपासून पाहू.

आधी एक साधा प्रश्न. पोलिसांना जागा एवढी महत्त्वाची का वाटते? माणूस घाबरतो, विसरतो, कधी दबावाखाली बोलणं बदलतो. जागा तसं करत नाही. दाराची कडी आतून होती की बाहेरून, रॉकेलचा डबा कुठे पडला होता, बांगड्यांच्या काचा एका ठिकाणी होत्या की घरभर, हे सगळं जागा सांगते. पण जागा टिकत नाही. आपल्याकडे तर चार महिने पाऊस. खाडीची भरती येते, वारा येतो, आणि सगळ्यात आधी पोचतो तो आपला केरसुणीचा हात. त्यामुळे इतिहासात प्रत्येक काळातल्या माणसांपुढे एकच अडचण होती, ही जागा जशी होती तशी धरून कशी ठेवायची?

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे पंच. शिवकाळात आणि पेशवाईत तंटा आला की गोतसभा बसायची. गावचा पाटील, कुलकर्णी, वतनदार, बलुतेदार जमायचे, साक्षी व्हायच्या आणि निर्णयाचा कागद व्हायचा. त्या कागदाला महजर म्हणत. चार माणसांनी एकत्र पाहिलं, ऐकलं आणि लिहून खाली आपली खूण केली, की ते खरं धरायचं, हा त्यामागचा विचार. इंग्रजांच्या काळात पोलीस खातं आलं, फौजदारी कायदे आले, पण पंच गेले नाहीत. झडती घेताना त्याच भागातल्या दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसांना हजर ठेवायचं, ही अट कायद्यात आली. आजही दक्षिण भारतात पंचनाम्याला महजर हाच शब्द चालतो.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या गटाची इतिवृत्त वही आठवा. बैठक झाली त्याच दिवशी लिहिलं, सगळ्यांनी वाचलं, सह्या केल्या, तर उद्या कर्जावरून वाद झाला की वही उघडून दाखवता येते. आठ दिवसांनी आठवून लिहिलं तर एकीला एक आठवतं, दुसरीला दुसरं. पंचनामा म्हणजे घटनास्थळाची इतिवृत्त वही. पण तिच्यात फक्त शब्द होते. दारापासून अंदाजे चार हातांवर, चुलीच्या उजव्या बाजूस, असं लिहिलं जाई. वाचणाऱ्या न्यायाधीशाला ते मनात उभं करावं लागे. अडलंच तर न्यायाधीश स्वतः जागा पाहायला जाऊ शकतात, ती तरतूद आजही कायद्यात आहे. पण तोवर जागा तशी राहिलेली असेलच असं नाही.

शब्दांपलीकडचं पाऊल भारतातच पडलं. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. पुढे १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारं कार्यालय सुरू झालं. ते जगातलं पहिलं मानलं जातं. ठशांची वर्गवारी लावण्याच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता. ज्या अंगठ्यावरून आपल्या आज्यांना अडाणी म्हटलं गेलं, तोच अंगठा पुराव्याच्या शास्त्रात सगळ्यात भरवशाचा ठरला.

त्याच काळात पॅरिसच्या पोलीस खात्यात अल्फोन्स बर्तियाँ नावाचा माणूस काम करत होता. त्यानं उंच तिवईवर कॅमेरा चढवून वरून घटनास्थळाचे फोटो काढायला सुरुवात केली. फोटोच्या कडेला मापाच्या खुणा असायच्या, म्हणजे कुठली वस्तू किती अंतरावर होती ते नंतर मोजता यायचं. शब्दांना मापाची जोड मिळाली ती अशी.

यानंतरची गोष्ट एका बाईची आहे, आणि ती आम्हाला फार आवडते. फ्रान्सिस ग्लेसनर ली ही अमेरिकेतल्या श्रीमंत घरातली मुलगी, जन्म १८७८ सालचा. भाऊ हार्वर्ड विद्यापीठात शिकला, हिला मात्र कॉलेजात पाठवलं नाही. तिला ओढ होती ती गुन्ह्यांच्या तपासाची. पन्नाशी उलटल्यावर तिनं स्वतःच्या पैशातून हार्वर्डमध्ये न्यायवैद्यक शास्त्राचा विभाग उभा राहायला मदत केली. तपास करणारे पोलीस घटनास्थळी गेल्यावर पाहत नाहीत, भलत्याच गोष्टींना हात लावतात, हे तिला खटकत होतं. सगळ्यांना खऱ्या जागेवर नेऊन शिकवणं शक्य नव्हतं. मग तिनं काय केलं? भातुकली मांडली.

खरंच भातुकली. एक फुटाला एक इंच, या मापानं तिनं लहान लहान खोल्या बनवल्या. स्वयंपाकघर, न्हाणीघर, लाकडी झोपडी. त्यात त्याच मापाच्या बाहुल्या, मेलेल्या अवस्थेत. एवढीएवढीशी मोज्यांची जोडी तिनं टाचणीसारख्या बारीक सुयांवर विणली. भिंतीवरचं कॅलेंडर, चुलीवरचं भांडं, दाराचं कुलूप, सगळं मापात. खऱ्या घटनांवरून बेतलेल्या या देखाव्यांसमोर ती पोलिसांना बसवायची आणि ठरावीक वेळात काय दिसतं ते सांगायला लावायची. त्यातल्या बऱ्याच बाहुल्या बायकांच्या आहेत, घराच्या चार भिंतींत मेलेल्या. १९४३ साली न्यू हॅम्पशायर राज्याच्या पोलीस दलात तिला कॅप्टन हे पद मिळालं. तिची अठरा घरं आजही बाल्टिमोर शहरात प्रशिक्षणासाठी वापरली जातात. घरकाम म्हणून हिणवलं गेलेलं शिवण-टिपण तपासाचं शास्त्र शिकवायला कामी आलं.

आजचा आभासी चष्मा म्हणजे हीच भातुकली, फक्त तिच्या आत शिरता येतं. ती बनते कशी, ते थोडक्यात सांगतो. घटनास्थळी तिवईवर एक यंत्र ठेवतात, त्याला लेझर स्कॅनर म्हणतात. ते गोल फिरतं आणि चारी बाजूंना प्रकाशाचे किरण सोडतं. किरण भिंतीवर, खाटेवर, माठावर आपटून परत येतो, त्यावरून ती वस्तू किती लांब आहे ते यंत्र मोजतं. असे लाखो ठिपके मिळून खोलीचा आकार तयार होतो, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. त्यावर सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो चढवतात. मोकळं रान असेल तर वरून ड्रोन फिरवतात. हे सगळं संगणकात गेलं की चष्म्यातून दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवतात, आणि आपला मेंदू समजतो की आपण तिथेच उभे आहोत.

याचा उपयोग कुठे झाला? जर्मनीतलं उदाहरण जगभर गाजलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंडमध्ये आउशविट्झ इथे छळछावणी चालवली. तिथे सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, बहुतेक ज्यू. अनेक वर्षांनी तिथल्या म्हाताऱ्या झालेल्या पहारेकऱ्यांवर खटले उभे राहिले. आम्ही नुसता पहारा देत होतो, आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, असा बचाव असे खटले ऐकणाऱ्यांना ओळखीचा होता. तेव्हा म्युनिकमधल्या बव्हेरिया राज्याच्या पोलिसांनी जुने नकाशे, हजारो फोटो आणि जागेवरची लेझर मोजणी वापरून ती छावणी संगणकात पुन्हा बांधली. झाडं कुठे होती तीसुद्धा दाखवली, कारण झाडाआड काही लपतं का हाच तर प्रश्न होता. चष्मा लावून पहारा-मनोऱ्यावर उभं राहिलं की तिथून काय दिसत होतं ते कळायचं. रेनहोल्ड हॅनिंग या चौऱ्याण्णव वर्षांच्या माजी पहारेकऱ्यावरच्या खटल्याच्या वेळी या प्रतिकृतीची मदत झाली. जून २०१६ मध्ये डेटमोल्डच्या न्यायालयानं त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. अपील चालू असतानाच तो २०१७ मध्ये वारला.

मैत्रिणींनो, "मला काही दिसलं नाही, मला काही ऐकू आलं नाही," हे वाक्य आपणही ऐकलेलं आहे. शेजारच्या खोलीत सून ओरडत असते आणि नंतर ओटीवर बसलेला प्रत्येकजण हेच सांगतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीतलं काय दिसू शकतं, हे जागेच्या मापावरून तपासता येतं. या तंत्राचं मोल तिथे आहे.

पण सावध राहण्यासारखंही बरंच आहे, आणि ते समजायला पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जावं. साच्यातून मूर्ती निघते ती साच्यासारखी निघते. साच्यात कोपरा तुटका असेल तर मूर्तीतही तुटका येतो. मग रंगकाम होतं, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. डोळे काढले की मूर्ती जिवंत वाटते, आणि ती जिवंत कशी दिसावी हे आखणी करणाऱ्याच्या हातात असतं. संगणकातल्या घटनास्थळाचंही तसंच. जे मोजलं गेलं तेवढंच त्यात खरं. जिथे मोजणी नाही तिथे कुणीतरी अंदाजानं भरतं. दिवा चालू होता की बंद, अमावास्या होती की पौर्णिमा, पाहणारी बाई उंच होती की ठेंगणी, याने दृश्य बदलतं. त्यात माणसांच्या हलत्या आकृत्या घातल्या तर ते एका बाजूचं म्हणणंच ठरतं, आणि डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटल्यामुळे मनावर कागदापेक्षा जास्त ठसतं. म्हणून मोजलेला भाग कुठला आणि भरलेला भाग कुठला हे वेगळं दाखवलं पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला ते तपासायची संधी मिळाली पाहिजे.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. विनोबांचा जन्म झाला ते गागोदे आपल्या पेण तालुक्यातलं. त्याच पंचक्रोशीत गागोदे खुर्दच्या जंगलात २३ मे २०१२ रोजी गावकऱ्यांना एक जळालेला, कुजलेला मृतदेह सापडला. पोलिसांना कळवलं गेलं. काही अवशेष तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले आणि बाकीचे तिथेच पुरले गेले. पण खुनाचा गुन्हा नोंदवला गेला नाही, अपमृत्यूची नोंदही झाली नाही. मृतदेह कुणाचा याचा शोध तिथेच थांबला.

तीन वर्षं गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांना एका अटकेतून धागा मिळाला आणि सगळा देश ज्याला शीना बोरा प्रकरण म्हणून ओळखतो ते उघडकीला आलं. एप्रिल २०१२ पासून ती मुलगी नाहीशी होती, आणि परदेशात गेली असं सांगितलं जात होतं. पोलीस पुन्हा गागोद्याच्या जंगलात आले, खोदलं, हाडं काढली. कवटीची प्रतिमा संगणकावर तिच्या फोटोवर ठेवून दोन्ही जुळतात का ते पाहिलं गेलं. डीएनए चाचणी झाली. ही हाडं तिचीच, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. बचाव पक्षाला ते मान्य नाही, आणि कोण दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. त्यावर आम्ही काही बोलणार नाही.

आम्हाला बोलायचं आहे ते त्या तीन वर्षांबद्दल. कवटीवर चेहरा जुळवणं हेसुद्धा आभासी पुनर्रचनेचंच भावंडं. तंत्र होतं, तज्ज्ञ होते. पण मधे तीन पावसाळे त्या जागेवरून गेले. पहिल्या दिवशी जागेचं मोजमाप झालं असतं, सगळ्या बाजूंनी फोटो निघाले असते, गाडीच्या चाकांच्या खुणा शोधल्या असत्या, बेपत्ता मुलींच्या याद्या ताडून पाहिल्या असत्या, तर नंतरच्या तज्ज्ञांच्या हातात किती अधिक आलं असतं. पुढे २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. २०१२ मध्ये गोळा केलेली हाडं सापडत नाहीत, असं सरकारी पक्षानं न्यायालयात सांगितलं. नंतर ती दिल्लीतल्या सीबीआयच्या कार्यालयात असल्याचं समोर आलं. वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याची नोंद तुटली की सगळ्यात महागडं यंत्रही उपयोगाचं राहत नाही. आणि त्या मे महिन्यात आपलं काम चोख केलं कुणी? जंगलात दिसलं ते न दडवता कळवणाऱ्या गावकऱ्यांनी.

बायकांच्या बाबतीत घटनास्थळ बहुतेक वेळा जंगल नसतं, घर असतं. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा सासरच्या घरी मृत्यू झाला. तिच्या शरीरात सायनाइड सापडलं. खालच्या न्यायालयानं पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. खून झाला की आत्महत्या, याचा संशय पुराव्यानं दूर झाला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी अखंड हवी याची पाच सूत्रं याच निकालात सांगितली गेली आणि आजही देशभरातली न्यायालयं ती वापरतात. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी या मृत्यूनंतर 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन केलं, लोकांना बोलतं केलं. देशभरच्या अशा चळवळींमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं होण्याच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन झालं पाहिजे, ही तरतूद त्यातूनच आली. १९८६ मध्ये हुंडाबळी हा वेगळा गुन्हा झाला.

साखळी अखंड हवी म्हणजे काय, तर घराच्या आत काय होतं ते टिपलं गेलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे आलं आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं. ही सोय उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण मात्र करायचंच आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. आपल्या राज्यात २०२५ च्या सुरुवातीपासून फिरत्या न्यायवैद्यक गाड्याही आल्या आहेत. हेच चित्रीकरण उद्या आभासी घटनास्थळाचा कच्चा माल होणार आहे.

मग आपण गटातल्या बायकांनी काय लक्षात ठेवायचं? फार नाही, चारच गोष्टी.

पहिली, अशी घटना घडली तर जिवंत माणसाला आधी दवाखान्यात न्या, पण त्यानंतर घर झाडू नका, सारवू नका, भांडी घासू नका. पाहुणे येणार म्हणून आवरायची आपल्याला सवय असते. ती त्या दिवशी आवरा. पुरावा जाणूनबुजून नाहीसा करणं हा गुन्हा आहे, आणि "लोक काय म्हणतील" हे त्याला कारण होत नाही. दार ओढून घ्या, बाहेर एकीला बसवा, ११२ वर फोन करा, पोलीस पाटलांना कळवा.

दुसरी, पंच म्हणून बोलावलं तर नाही म्हणू नका. पंच पुरुषच हवा असं कायद्यात कुठे नाही. चूल, मोरी, कपाट, दागिने यांतलं काय जागेवर आहे आणि काय हललंय, ते बाईच्या नजरेला पटकन कळतं.

तिसरी, सही करण्याआधी पंचनामा वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. लिहिलेलं आणि दिसलेलं वेगळं असेल तर तिथेच सांगा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कधीच नाही. गटाच्या चेकबुकाला आपण जो नियम लावतो तोच इथे.

चौथी, तक्रार नोंदवली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. हद्द आमची नाही असं सांगून कुणी परत पाठवू शकत नाही, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. बाईचा जबाब तिच्या राहत्या घरी घेता येतो, तिला ठाण्यावर बोलावून घ्यायची गरज नाही.

उद्या अलिबागच्या न्यायालयात कुणी न्यायाधीश चष्मा लावून आपल्या गावातल्या एखाद्या खोलीत उभे राहतीलही. त्या खोलीत त्यांना कडी दिसेल का, फुटलेल्या बांगड्या दिसतील का, हे मात्र घटना घडली त्या पहिल्या तासात तिथे असलेल्या बायकांवर ठरेल. येत्या बैठकीत या चार गोष्टी वाचा आणि इतिवृत्त वहीत लिहून ठेवा. गटात पंच व्हायला कोण तयार आहे, त्या दोघींची नावंही त्याच पानावर लिहा.